"हातात किती येतात?" एवढ्यावर थांबू नका

आमच्या सांगलीत पोरगं कामाला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला, "हातात किती येतात?" पाहुणे तेच विचारतात, सोयरीक जुळवणारेही तेच. विचारायलाच हवं. ज्याच्या घरावर सोसायटीचं कर्ज आहे, त्याला पगाराचं एवढं काय घेऊन बसलास म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

पण मी आयटीआयमध्ये निदेशक आहे. फिटर, टर्नर होऊन कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीत लागलेली पोरं काही महिन्यांत काम सोडून भेटायला येतात, तेव्हा मी कारण विचारतो. पगाराचं गाऱ्हाणं असतं, पण बहुतेकदा ते दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात येतं. पहिल्या वाक्यात वेगळंच काही असतं.

तासगाव तालुक्यातला एक विद्यार्थी. पगार चांगला, पीएफ कापला जायचा, कॅन्टीन होतं. पण पाळी सुटायला अर्धा तास उरला की सुपरवायझर येऊन म्हणायचा, "आज थांबायचं." किती वेळ, ते नाही. ओटी (ओव्हरटाइम) मिळायचा, तक्रार त्याची नव्हती. पण गावाकडची शेवटची एसटी गेली की कुणाच्या तरी रूमवर चटई टाकायची. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीला दोन दिवस सुट्टी मागितली तर "बघू". आदल्या संध्याकाळी नकार. वडील एकटे, बाग थांबत नाही, म्हणून त्यानं खाडे केले आणि महिन्याचा हजेरी भत्ता गेला. आज तो एका लहान वर्कशॉपमध्ये कमी पगारावर आहे. तिथं आठवड्याच्या पाळ्या आधी फळ्यावर लिहिलेल्या असतात, मालकाला कारण सांगितलं की दोन तास बाहेर जाता येतं. वडील अजून नाराज आहेत. मला मात्र पोराचा हिशोब पटतो.

लोक म्हणतात, असल्या गोष्टी मोजायच्या कशा? मोजतात की. युरोपात 1990-91 पासून दर काही वर्षांनी कामगारांची मोठी पाहणी होते. त्यातले प्रश्न बघण्यासारखे आहेत. पाळी बदलली तर कधी कळतं: त्याच दिवशी, आदल्या दिवशी, की काही दिवस आधी? घरच्या कामासाठी तास-दोन तास सुटणं सोपं आहे की अवघड? कामात नवीन काही शिकायला मिळतं का? नुसतं "तुम्ही समाधानी आहात का" विचारलं तर आपली माणसं "चाललंय बरं" म्हणून मोकळी होतात. पाळी कधी कळते, याला मात्र नेमकं उत्तर द्यावं लागतं.

आणि हे काही लाडाचे प्रश्न नाहीत. अमेरिकेत संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलं की कामाचा रेटा जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, अशा ठिकाणी माणूस सर्वांत जास्त पिचतो. पुढे लंडनच्या सरकारी नोकरांवर 1985 मध्ये काम आणि आरोग्य यांचं नातं तपासणारा दुसरा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. ही सगळी कचेरीत बसणारी, कायम नोकरीतली माणसं. तरीही ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाचा ताबा कमी होता, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. मिरजेच्या दवाखान्यांत रात्रपाळ्या काढणाऱ्या सिस्टर्सना हे सांगायला अभ्यास लागणार नाही.

आपल्याकडचं सरकारी श्रमबल सर्वेक्षणही पगारदारांना लेखी करार, पगारी रजा आणि पीएफसारखी सुरक्षा यांबद्दल विचारतं. शेती सोडून इतर क्षेत्रांतल्या नियमित पगारदारांत निम्म्याहून जास्त लोकांकडे लेखी करारच नाही. हे तीन प्रश्न मोलाचे आहेत. तरी माझ्या विद्यार्थ्याला ते विचारले असते, तर पीएफच्या रकान्यात "आहे" आलं असतं आणि चुकलेली एसटी कुठंच दिसली नसती.

कारखानदार म्हणतात, ऑर्डर अचानक येते. येते, मान्य. महिन्यातून एकदा आली तर कुणीही थांबेल, आमची पोरं कामाला मागं हटणारी नाहीत. पण दर आठवड्याला "अचानक" होत असेल, तर नियोजन ढिलं आहे आणि त्याची किंमत वीस वर्षांचा पोरगा मोजतोय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या नोटिशीवर आपण पगार, कॅन्टीन, बस लिहितो. त्याखाली आणखी तीन ओळी हव्यात: पाळी किती दिवस आधी कळेल, रजेचा निर्णय कोण आणि किती दिवसांत देईल, वर्षभरात कोणत्या मशिनवर हात बसेल. कंपनीला याला एक पैसा लागत नाही. आणि सहा महिन्यांनी आपणच पोरांना फोन करून विचारायचं, की लिहिलं होतं तसं आहे का.

कुपवाड, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा, कुठंही कामाला असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, मला मेसेज करा. कंपनीचं नाव नको, साहेबाचं तर नकोच. तुमची पुढच्या आठवड्याची पाळी तुम्हाला कधी कळते, तेवढं लिहा. पुढच्या बॅचला मी ते वाचून दाखवणार आहे.