दरपत्रकाच्या रेघा: नर्सरीवाल्या भाऊंच्या दोन स्टारला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमच्या नर्सरीची साइट आम्ही बनवली, तिच्यावरच्या दरपत्रकाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून त्यातलं मुख्य इथे देतो: "कलमांचं दरपत्रक ऑफिसात एक दिसते, माझ्या फोनवर दुसरं, पोराच्या आयफोनवर तिसरंच. कुठं रेघा डबल, कुठं रेघच नाही. शेतकरी भलताच दर वाचून येतात. फोन केला तर म्हणे कॅशे क्लिअर करा. वरून दुरुस्तीचे पैसे."

आधी ते कॅशेचं, म्हणजे ब्राउझरनं साठवलेली पेजची जुनी प्रत पुसायचं. ते उत्तर मीच दिलं होतं, तुमचं पेज उघडूनही न पाहता. आमच्या धंद्यात ही सवय लागून जाते, डॉक्टरकडे न जाता क्रोसिन घ्यावी तशी. कधी लागू पडते, इथे पडणार नव्हती. तिसऱ्यांदा तुमचा फोन आला तेव्हा नागपुरात बर्डीवरून काटोल रोडला निघालो आणि तुमच्या खुर्चीत बसून पाहिलं. त्या दिवशी जे दिसलं ते लिहून राहिलो.

फोनवरच्या डबल रेघांत ब्राउझरचा काही दोष नाही, तो आमचा. टेबलाला वेगळं काही सांगितलं नाही तर प्रत्येक रकाना स्वतःची चौकट काढतो आणि दोन रकान्यांच्या मधे 2 पिक्सेलची फट राहते. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, तिघेही हेच करतात. दोन शेजाऱ्यांनी आपापलं तारेचं कुंपण घालावं आणि मधे बोळ सुटावा, तसं. ते मिटवायला 'बॉर्डर-कोलॅप्स' नावाची सूचना असते: दोन्ही कुंपणं काढा, मधे एकच सामाईक धुरा, म्हणजे बांध, ठेवा. ती सूचना आम्ही मोठ्या स्क्रीनच्या नियमांत लिहिली आणि फोनच्या नियमांत लिहायची राहून गेली. लिहिलं आमच्या पोरानं, पण तपासायला मी होतो, आणि मी फक्त माझ्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर तपासलं.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरची भानगड मात्र वेगळी. सामाईक धुऱ्यावरून गावात काय होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. इथेही एका रेघेवर दोन रकाने हक्क सांगतात, आणि निकालाचे नियम सीएसएसमध्ये, म्हणजे पेज कसं दिसावं ते लिहायच्या भाषेत, 1998 पासून लिहून ठेवलेले आहेत. जाड रेघ जिंकते. जाडी सारखी असेल तर दुहेरी रेघ सलगला हरवते, सलग तुटकीला. तेही सारखं असेल तर रकान्याची रेघ ओळीवर भारी आणि ओळीची टेबलावर. (गंमत अशी की त्या 1998 च्या नियमांत न सांगताही धुरा सामाईकच धरला होता. ब्राउझरवाल्यांनी ते चालवून घेतलं नाही, आणि 2011 मध्ये पक्क्या झालेल्या सीएसएसच्या 2.1 आवृत्तीत वेगवेगळी कुंपणं हाच मूळ नियम झाला.) पण निकाल लागला तरी ती रेघ कुठल्याही एका रकान्याच्या ताब्यात जात नाही, ती टेबलाची राहते. आमची चूक नेमकी तिथे झाली.

तुमचं टेबल रुंद आहे, फोनवर आडवं सरकवावं लागतं. म्हणून खुंटाचा रकाना, म्हणजे संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात ते 'जंभेरी' आणि 'रंगपूर', डाव्या कडेला चिकटवून ठेवला होता आणि वरची शीर्षकाची ओळ वर. दोन्हीला फिकट हिरवा रंग दिला. फायरफॉक्सची जुनी खोड अशी की असा जागेवर धरलेला रंगीत रकाना आपला रंग सामाईक रेघेवरही सारवतो. तुमच्या ऑफिसात विंडोज 7 आहे आणि त्यावर फायरफॉक्स 115 च्या पुढे जात नाही, आणि त्यात ही खोड आहे. म्हणून जंभेरी आणि रंगपूर यांच्या मधली रेघच पुसली गेली, आणि जंभेरीच्या शेवटच्या ओळीतला दोन वर्षांच्या कलमाचा दर रंगपूरच्या नावाखाली आल्यासारखा वाटू लागला. त्याच स्क्रीनवर पाहून तुमच्या माणसानं फोनवर दर सांगितला आणि नरखेडचा शेतकरी गाडी घेऊन आला. आकडे योग्य रकान्यांतच होते, हे मी त्या दिवशी हट्टानं दाखवत बसलो. पण पाहणाऱ्याला भलताच दर दिसत असेल तर माझ्या त्या म्हणण्याला काय अर्थ? तुमचं म्हणणं बरोबर होतं.

आयफोनवरची तक्रारही याच घरातली. फोन आडवा धरला की मोठ्या स्क्रीनचे नियम लागतात, म्हणजे सामाईक धुरा आलाच. टेबल सरकवलं की शीर्षक जागेवर राहतं, पण रेघा टेबलासोबत निघून जातात, कारण त्या शीर्षकाच्या नव्हत्याच. तुमच्या मुलानं "क्रोममध्ये उघडून पाहिलं, तरी तेच" असं सांगितलं होतं. आपल्याकडे मिळणाऱ्या आयफोनवर क्रोम हे नावापुरतं असतं, आतलं इंजिन सफारीचंच. म्हणून तिथे ब्राउझर बदलून काही हाती लागत नाही.

आता काय केलं ते. सामाईक धुऱ्याचा नादच सोडला. कुंपणं वेगळी ठेवली, मधली फट शून्य केली, आणि प्रत्येक रकान्याला फक्त उजवी आणि खालची रेघ दिली. वरची आणि डावी रेघ बाहेरच्या टेबलाला. आता एका रेघेचा मालक एकच. रकाना चिकटला की रेघ त्याच्यासोबतच चिकटते. रेघेचा रंग आणि जाडी, रकान्याच्या आतली मोकळी जागा, सगळं नाव घेऊन लिहिलं, ब्राउझरच्या मर्जीवर काही सोडलं नाही. फोनवर नाजूक दिसावी म्हणून अर्ध्या पिक्सेलची रेघ ठेवली होती, ती पूर्ण एक केली. सगळं तुमच्या विंडोज 7 वर, माझ्या अँड्रॉइडवर आणि मुलाच्या आयफोनवर, तिन्ही शेजारी ठेवून पाहिलं.

एका गोष्टीवर मात्र मी मान डोलावणार नाही. "सगळीकडे एकदम सेम टू सेम पाहिजे" हे होत नसतं. तुमच्या ऑफिसात झूम 110 टक्क्यांवर आहे, चष्म्यामुळे, आणि ते ठेवाच. पण तिथे एक पिक्सेलची रेघ 1.1 पिक्सेलची होते, आणि पडद्यावर ठिपक्याचा दहावा हिस्सा काढता येत नाही. ब्राउझर तो आपल्या हिशेबानं पूर्ण करतो. एखादी रेघ केसभर इकडेतिकडे वाटेल. रेघ नसणं, डबल असणं, दुसऱ्या ओळीत घुसणं, ही जबाबदारी माझी. केसभराची नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही मी हेच सांगणार आहे.

दुरुस्तीचे म्हणून घेतलेले पैसे परत केले आहेत, ते घ्यायलाच नको होते. साइटचे मूळ पैसे ठरल्याप्रमाणे घेतले, त्यात काही चुकीचं झालं असं मला वाटत नाही. स्टार बदला असंही म्हणणार नाही.

एक काम राहिलं आहे. गेटवर लावायला तुम्ही दरपत्रकाची प्रिंट काढता. प्रिंटमध्ये रेघा येतात, पण मागचा हिरवा रंग ब्राउझर आपणहून छापत नाही, त्यामुळे कागदावर जंभेरी आणि रंगपूर हे गट पुन्हा एकसारखे दिसतील. प्रिंटपुरती त्या दोघांच्या मधे जाड रेघ टाकून ठेवली आहे. लागवडीची गर्दी सुरू व्हायच्या आत एक कागद काढून पाहा आणि फोटो पाठवा. या वेळी फोटो पाहूनच बोलतो.