टीव्ही बघता बघता गच्चीवर जावंसं वाटलं पाहिजे

वृत्तवाहिनीत ग्रहणाच्या दिवसाची तयारी कशी चालते, हे मी एडिटच्या खोलीत बसून बरीच वर्षं पाहिलंय. (वाहिनीचं नाव विचारू नका. आणि ती एकटीच तशी होती असंही नाही.) सकाळच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो, ज्योतिषी कोण येतोय? तो पक्का झाला की कोणीतरी म्हणतं, बॅलन्सला एक शास्त्रज्ञपण घ्या. मग गेस्ट कोऑर्डिनेशनवाला पुण्याला फोन लावतो, कारण महाराष्ट्रात खगोलशास्त्रज्ञ पुण्यातच पिकतात असा मुंबईच्या डेस्कचा समज आहे, आणि तो फारसा चुकीचाही नाही. आयुका, एनसीआरए या तिथल्या खगोल-संशोधन संस्थांतले नाहीतर टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे, म्हणजे हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे, कोणीतरी भले गृहस्थ तयार होतात. त्यांना पडद्यावरच्या एका चौकटीत बसवतात. ज्योतिषीबुवांचं वेध, सूतक, बारा राशी असं सगळं यथासांग आटोपलं की अँकर यांच्याकडे वळते, "सर, थोडक्यात सांगा, ग्रहणात जेवावं की नाही?" ज्या माणसाचं आयुष्य आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका मोजण्यात गेलं त्याला आपण वरणभाताबद्दल विचारतो. तो बिचारा "जेवायला काहीच हरकत नाही" म्हणतो. ब्रेक.

सामान्य प्रेक्षकापर्यंत विज्ञान न्यायचं म्हटलं की चर्चा लगेच "सोपं करून सांगा" या गाडीवर येते. मला ते मुळातच पटत नाही. सोपं-अवघड हा नंतरचा भाग. खगोलाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षक उठून खिडकीशी गेला का, गच्चीचं दार उघडलं का, एवढंच बघायला हवं. कारण आकाश ही अशी गोष्ट आहे की टीव्हीवरच्या माणसाने जे सांगितलं ते खरं की खोटं, हे घरबसल्या नाही पण घराच्या गच्चीवरून तरी नक्की पडताळता येतं. कॅन्सरवरच्या नव्या औषधाचं तसं नाही, शेअर बाजाराचं तर नाहीच नाही.

याचा इतिहास आपल्याकडे मोठा मजेशीर आहे. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवार, हुबळी, रायचूर असा गेला. म्हणजे आपल्यापासून एका रात्रीच्या एसटी प्रवासावर. आणि दूरदर्शनने काय केलं? लोकांनी बाहेर पडून डोळे खराब करून घेऊ नयेत म्हणून दुपारी हिंदी सिनेमा लावला. पुण्याला तेव्हा सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबईचंच चित्र यायचं. रस्ते ओस पडले होते हे त्या पिढीतले सगळे सांगतात. हेतू चांगला असेलही, पण आकाशात काही घडत असताना टीव्हीने लोकांना घरात कोंडलं हे खरं.

पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत पुन्हा खग्रास ग्रहण आलं, या वेळी राजस्थानपासून बंगालपर्यंत. त्याच दूरदर्शनने ते थेट दाखवलं आणि सोबत भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल बोलत होते. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात तेव्हा एकाच बिऱ्हाडाकडे मोठा रंगीत टीव्ही होता, तिथे सगळा वाडा जमला होता. आजीने दुधात, पाण्यात तुळशीची पानं टाकून ठेवली होती. ती पहिल्या रांगेत पाटावर बसून होती, हातात जपमाळ. झाकलेल्या सूर्याची कड एका ठिकाणी चमकून हिऱ्याची अंगठी दिसली तेव्हा यशपाल लहान पोरासारखे हरखले आणि आजीची माळ थांबली. नंतर आम्ही पोरं वेल्डिंगची काच घेऊन अंगणात पळालो, पुण्यातलं खंडग्रास बघायला. आजीही आली. तुळशीची पानं दुधातच होती, त्यावरून कोणी कोणाशी वाद घातला नाही.

यशपालांनी त्या दिवशी कोणाची श्रद्धा मोडायला घेतली नव्हती. ते फक्त "बघा, बघा" म्हणत होते. दूरदर्शनवरच्या विज्ञानाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं देऊन तो चेहरा घराघरात आधीच ओळखीचा झाला होता, म्हणून त्यांचं "बघा" लोकांनी ऐकलं. ग्रहणाच्या सकाळी अचानक चौकटीत बसवलेल्या अनोळखी प्राध्यापकाचं कोण ऐकेल?

आता २०२२. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, खंडग्रास ग्रहण होतं. पुण्यात पाचच्या थोडं आधी लागलं आणि सूर्य मावळला तेव्हाही सुटलेलं नव्हतं, पंचांगवाले ज्याला ग्रस्तास्त म्हणतात ते. सूर्याचा जेमतेम पाव भाग झाकला गेला. आमच्या एका कॅमेरामनने स्वतःच्या घरी भारी गोष्ट शूट केली. दिवाळीमुळे बुंदीचा झारा बाहेरच होता. त्याने तो पश्चिमेच्या खिडकीत उन्हात धरला आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीपासून थोडं अंतर ठेवलं. झाऱ्याला जितकी भोकं तितके सूर्य भिंतीवर उमटले, प्रत्येकाला एकाच बाजूने उंदराने कुरतडल्यासारखी खाच. डोळ्याला धोका नाही, चष्मा नको, खर्च शून्य. छोटं भोक पिनहोल कॅमेऱ्यासारखं काम करतं आणि सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडतं, एवढंच त्यामागचं विज्ञान, आणि ते झारा हातात असताना चौथीतल्या पोरालाही कळतं. त्याने क्लिप पाठवली. मी ती कापून, नीट करून वर पाठवली. लागली नाही. त्या वेळी "या पाच राशींना पुढचे पंधरा दिवस जपून" चालू होतं आणि रेटिंग बरं येत होतं. महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत त्या घडीला तसाच झारा होता हो!

पंचांगाशी माझं भांडण नाही, हे मुद्दाम सांगतो. ग्रहणाच्या पंचांगातल्या वेळा आणि खगोलशास्त्रज्ञांच्या वेळा जुळतात, कारण दोन्हीकडे गणितच असतं. त्या गणितावर अर्धा तास केला तर तो सुंदर कार्यक्रम होईल. पण वाहिन्यांना गणित नको असतं, शिळं अन्न हवं असतं.

संपादक मंडळींचं ठरलेलं उत्तर माहीत आहे: लोकांना हे नको असतं. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एका वेळी ८० लाखांहून जास्त लोक होते. तिथे काय दिसत होतं? नियंत्रण कक्षात बसलेली माणसं, एक वक्ररेषा, आणि कमी कमी होत जाणारे वेगाचे आणि उंचीचे आकडे. ना पार्श्वसंगीत, ना अंतराळवीराचा पोशाख घालून स्टुडिओत डोलणारा अँकर (हेही आपण पाहिलंय). लोकांनी आलेखावरून नजर हलवली नाही. ज्या प्रेक्षकाला उंची आणि वेग यांचा आलेख श्वास रोखून बघता येतो, त्याला "थोडक्यात सांगा सर" कशाला?

उलट टोकाचे परदेशी माहितीपट आहेत. कृष्णविवरं गरगरताहेत, दीर्घिका एकमेकींवर आदळताहेत, आणि खर्जातला डब केलेला आवाज. दिसतं देखणं. पण ते बघून कोणी खिडकीशी गेलेलं मला माहीत नाही. बाहेर कोथरूडच्या आकाशात पाच-सहा तारे असतात, त्या रंगीत स्फोटांपुढे ते फिकेच वाटणार. इंग्लंडात पॅट्रिक मूर नावाच्या हौशी खगोलवाल्याने एप्रिल १९५७ मध्ये बीबीसीवर महिन्यातून एकदा एक कार्यक्रम सुरू केला, रात्री उशिराचा, साधासुधा. या महिन्यात आकाशात काय दिसेल, कुठे बघा, हा त्याचा कणा. २०१२ मध्ये मूर वारले तोवर, म्हणजे पंचावन्न वर्षं, तेच तो करत होते. मध्ये एकदाच हुकला, अन्नातून विषबाधा झाली म्हणून. आपल्याकडे दैनंदिन मालिकेचा नायक दोन वर्षांत तीनदा बदलतो.

पुण्याकडे तर यासाठी काही कमी नाही. सेनापती बापट रस्त्यावर बालचित्रवाणी १९८४ पासून शाळकरी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करत होती, ती आपण बंद पडू दिली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही येईल. आणि उत्तर यायचं. याच माणसाने नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर २००८ मध्ये ज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आले असते. हा प्रयोग टीव्हीसाठीच जन्माला आल्यासारखा आहे: स्पर्धक आहेत, उत्कंठा आहे, निकाल आहे. २० मे २०२५ ला सर गेले. सगळ्या वाहिन्यांनी "थोर विज्ञानप्रसारक" म्हणून श्रद्धांजली वाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी राशिभविष्य ठरल्या वेळेला सुरू झालं.

शास्त्रज्ञांच्या बाजूबद्दलही थोडं बोलायला हवं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांच्या गाड्यांची रांग लागते, जुन्नर-आंबेगावची मुलं आपापले प्रयोग मांडून बसतात आणि पाहुण्यांना न घाबरता समजावतात. पण जून २०२३ मध्ये, याच दुर्बिणीच्या निरीक्षणांच्या मदतीने विश्वभर पसरलेल्या गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचं जाहीर झालं, तेव्हा मराठीत सविस्तर बोलायला कोणी पुढे आलं असतं तर तेवढी तरी जागा वाहिनीत मिळाली असती. प्रेसनोट इंग्रजीत येते, डेस्कवरचं पोरगं घाईत तिचं काहीतरी करतं आणि रात्री पडद्याखालच्या पट्टीत एक ओळ सरकून जाते. संस्थांनी मराठी बोलणारा एक ठरलेला माणूस द्यावा, दर वेळी तोच. चेहरा ओळखीचा झाला की पुढचं सोपं होतं.

आणि ग्रहणाची वाट तरी कशाला बघायची? रोज दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. येत नाही. पुण्यात तो वर्षातून दोनच दिवस बरोबर डोक्यावर असतो: १३ मेच्या आसपास आणि जुलैच्या अखेरीस, पैकी जुलैतला ढगांत जातो. त्या मेच्या दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमाराला सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही स्टीलचा ग्लास उपडा ठेवून बघतो. सावली एका बाजूने आत आत सरकते, मग काहीच उरत नाही, आणि पाच-दहा मिनिटांत दुसऱ्या बाजूने बारीक कड डोकावते. गेल्या वेळी वॉचमनमामा नुसते हसत उभे होते, शेवटी स्वतःच टोपी काढून उभे राहिले आणि विचारलं, "गावाकडं आमच्या सोलापुरात पण आजच का?" सोलापूरचं अक्षवृत्त थोडं दक्षिणेला, त्यामुळे तिथे तीनेक दिवस आधी. त्यांनी तिथल्या तिथे भावाला फोन लावला, की पुढच्या वर्षी ध्यानात ठेव.

हा दिवस महाराष्ट्रभर चालत जातो, रोज वीस-तीस किलोमीटर उत्तरेला. सावंतवाडीला मेच्या पहिल्या आठवड्यात, कोल्हापूरला ६-७ मे, मग पुणे, मुंबई १५-१६ मेच्या सुमारास, नाशिक विसाव्या तारखेच्या आसपास, नागपूर २६ ला. म्हणजे जवळजवळ महिनाभर, दर दुपारी एक नवं गाव, पाच मिनिटांचं थेट प्रक्षेपण, आणि दर जिल्ह्यात आपला स्ट्रिंगर, म्हणजे स्थानिक बातमीदार, आहेच. दिल्लीतल्या वाहिन्यांना स्वतःच्या दारात हे कधीच दाखवता येणार नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे आणि तिथे सूर्य डोक्यावर येतच नाही. मराठी वाहिन्यांना हिंदीच्या पुढे जायला इतकी फुकटची संधी दुसरी मिळायची नाही.

माझ्या मित्रयादीत वाहिन्यांच्या असाइनमेंट डेस्कवरची, म्हणजे कुठे कोणाला पाठवायचं ते ठरवणारी, दोन-तीन मंडळी आहेत, ती हे वाचतील. येत्या १३ मेला दुपारी सव्वाबाराला आमच्या गच्चीवर या. थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन नको, मोबाईल पुरतो. ग्लास माझ्याकडे आहे, ज्योतिषी आणू नका.