‘थैली मोठी तोच जिंकणार’ हे कॉलेज बास्केटबॉलमध्ये खरं नाही

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि एक वर्ष बाहेर न बसता कॉलेजही बदलता येतं, म्हणून आता ज्याची थैली मोठी तोच जिंकणार. कोचच्या शैलीला साजेसे खेळाडू शोधणं ही जुनी गोष्ट झाली. दाखला 2012 च्या विजेत्या केंटकी विद्यापीठाच्या संघाचा. शेवटी एक ठाम वाक्य: चांगला कोच हाती येतील त्या पोरांतून संघ घडवतोच.

आधी केंटकी. संघात गुणवत्ता ठासून भरलेली होती, यात वाद नाही. पण कॅन्ससविरुद्धचा अंतिम सामना आठवा. केंटकीच्या अँथनी डेव्हिसने 10 शॉट घेतले, त्यातला एकच आत गेला. गुण फक्त 6. तरीही सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, कारण 16 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि 6 ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट). सगळा देश ज्याच्याकडे बघत होता, तो मुलगा चेंडू हातात नसतानाचं काम मनापासून करत होता. यालाच तर संघात बसणं म्हणतात! पुढच्याच मोसमात केंटकीकडे पुन्हा नावाजलेले नवखे आले. फेब्रुवारीत नर्लेन्स नोएलचा गुडघा गेला हे मान्य, पण संघ मुख्य स्पर्धेत पोचलाच नाही आणि दुय्यम एनआयटीत रॉबर्ट मॉरिसकडून पहिल्याच फेरीत हरला.

आता पोर्टल. कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची ही यादी आल्यापासून शैलीचं महत्त्व कमी नाही, उलट वाढलंय, असं मला वाटतं. पूर्वी पोरगा तीन-चार वर्षं घडवता यायचा. आता नेमका हवा तो आधीच ओळखावा लागतो. 2023 चं विजेतेपद मिळाल्यावर यूकॉनचा, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाचा, जॉर्डन हॉकिन्स एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेला. यूकॉनचे कोच डॅन हर्ली यांच्या आक्रमणात गार्ड, म्हणजे बाहेरून खेळणारा खेळाडू, सतत पळतो, एकामागून एक स्क्रीनला (बचावपटूची वाट अडवून उभ्या सहकाऱ्याला) वळसा घालतो आणि पाय नीट टेकायच्या आत थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा शॉट, टाकतो. या कामासाठी त्यांनी रटगर्सहून कॅम स्पेन्सर आणला. उड्या, वेग यांत त्याच्यापेक्षा सरस बरेच होते. त्याने 44 टक्के थ्री घातले.

2024 चा अंतिम सामना पर्ड्यूशी झाला; आपल्याकडे तेव्हा गुढीपाडव्याची सकाळ होती. यूकॉनने पर्ड्यूचा उंचपुरा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा) झॅक ईडी याच्यावर बहुतेक वेळ आपला सेंटर डोनोव्हन क्लिंगन याला एकट्याला ठेवलं आणि बाकीचे चौघे नेमबाजांना चिकटून राहिले. ईडीने 37 गुण केले, पण पर्ड्यूला थ्री मिळाले 7 पैकी 1. यूकॉन 75-60 ने जिंकलं. सात फूट दोन इंचांचा, एकटा उभा राहू शकणारा सेंटर नसता तर हा डाव कागदावरच राहिला असता.

पैसा लागतो, तो कुणीच नाकारत नाही. पण तो कशावर घालायचा, हे शैलीच ठरवते.

राहिलं ते ‘हाती येतील त्या पोरांतून’. 2024 पर्यंत व्हर्जिनियाचे कोच असलेल्या टोनी बेनेट यांचा पॅक-लाइन बचाव बघा: एकजण चेंडूवर दाब देतो, बाकीचे चौघे बास्केटपासून साधारण 16 फुटांच्या काल्पनिक रेषेच्या आत सरकतात आणि पास बाहेर गेला की धावत नेमबाजावर जातात. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. व्हर्जिनियाच्या डिअँड्रे हंटरला पहिलं अख्खं वर्ष एकही सामना न खेळवता फक्त सरावात ठेवलं होतं. 2018 मध्ये त्याचं मनगट मोडलं आणि अव्वल मानांकित व्हर्जिनिया 16 व्या, म्हणजे गटातल्या सगळ्यात तळाच्या मानांकित यूएमबीसीकडून 74-54 अशी हरली. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच झालं नव्हतं. ही संथ शैली संपली, असं तेव्हा कितीतरी जणांनी लिहिलं. बेनेट यांनी बचाव बदलला नाही. काइल गाय, टाय जेरोम आणि हंटर त्याच बचावात पुन्हा उतरले. 2019 मध्ये जादा वेळेत टेक्सास टेकला 85-77 हरवून व्हर्जिनियाने विजेतेपद घेतलं. त्या सामन्यात हंटरचे 27 गुण होते.