गाडी दुसऱ्याची, दंड मला

परत आलं चलान! विनाहेल्मेट, ५०० रुपये, पुण्यातला नळ स्टॉप. फोटोत काळी मोटरसायकल. माझी पांढरी स्कूटर तेव्हा धायरीत घराखाली उभी. नंबरप्लेटवरचं एमएच १२ नंतरचं एक अक्षर चुकीचं वाचलं गेलं आणि गुन्हेगार मी. वर्षातलं हे तिसरं.

तक्रार मीच करायची, आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचा, फोटो मीच जोडायचा, रजा मीच टाकायची. अहो, गुन्हा सिद्ध करायचं काम आरोप करणाऱ्याचं ना? २०२१ चा केंद्रीय नियम सांगतो, १५ दिवसांत नोटीस पाठवा. मला कळलं चार महिन्यांनी, चलानच्या साइटवर सहज गाडीचा नंबर टाकून बघितला तेव्हा.

आई म्हणते, भरून टाक, कटकट मिटेल. नाही भरणार. भरलं की पोलिसांच्या नोंदीत मी कायमची दोषी. चलान पाठवण्याआधी कुणी एकदा फोटो तरी बघा!