झडपेची गळती अंदाजाने नाही, मोजून सांगतात

सोलापुरात सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो जोडबसवण्णा चौकातल्या एका ओळखीच्या मुलाने दाखवला. त्याच्या आईला पुण्यात टावी सांगितली आहे, म्हणजे मांडीतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर नेऊन हृदयाची झडप बदलायची. मेसेज असा: "या झडपा गळतातच. गळती मोजायचं साधन नाही, डॉक्टर स्क्रीन बघून अंदाजाने सांगतात. मग परत फुगा फुगवून बिल वाढवतात. खरं तर थोडी गळती काही करत नाही. त्यापेक्षा छाती उघडलेली बरी." हे ऐकल्यापासून आई पुण्याला जायलाच तयार नाही. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे कॅथेटरने हृदयाचे उपचार होतात तिथे, तंत्रज्ञ आहे आणि प्रेशरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवणं हे माझं रोजचं काम, म्हणून गप्प बसवत नाही.

"गळतातच." सगळ्या नाही. छाती उघडून ऑपरेशन करताना जुनी झडप कापून काढतात. टावीत ती आतच राहते आणि नवी झडप तिला बाजूला दाबून बसते. जुन्या झडपेवर कॅल्शियमचे खडे साचलेले असतात. एखादा खडा आड आला, माप लहान पडलं किंवा झडप थोडी वर-खाली बसली, की कडेला फट राहते आणि रक्त मागे येतं. २००२ मध्ये फ्रान्सच्या रूआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी पहिली टावी केली. त्यानंतरच्या झडपांना बाहेरून फट बुजवणारं आवरण आलं, सीटी स्कॅनवरून माप घेणं आलं आणि गळतीचं प्रमाण पुष्कळ उतरलं.

"मोजायचं साधन नाही." हे साफ खोटं आहे. साधनं तीन आहेत आणि तिन्ही त्याच टेबलावर वापरता येतात. झडपेच्या वर डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध, सोडून ती किती मागे येते ते एक्स-रेवर बघतात आणि एक ते चार अशी श्रेणी देतात. इथे नजरेचा भाग आहे, दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं, हे मान्य. म्हणून तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लावतात. झडपेच्या गोल कडेपैकी किती भागातून रक्त मागे येतंय ते त्यात बघायचं: १० टक्क्यांच्या आत असेल तर सौम्य, ३० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तीव्र.

तिसरं साधन प्रेशरचं, म्हणजे माझ्यासमोरचं. स्क्रीनवर दोन रेषा पळत असतात, एक महाधमनीची, एक हृदयाच्या डाव्या कप्प्याची. झडप घट्ट बसली असेल तर हृदय सैल पडतं त्या वेळी दोन्हींत चांगलं अंतर राहतं. गळत असेल तर वरची रेषा खाली घसरते, खालची वर चढते. हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल असा आहे. खालच्या बीपीतून, हृदय सैल पडण्याच्या अगदी शेवटी कप्प्यात असलेलं प्रेशर वजा करायचं, वरच्या बीपीने भागायचं आणि १०० ने गुणायचं. बीपी १३०/६० आणि कप्प्यात १५ असेल तर उत्तर येतं जवळपास ३५. बीपी १२०/४० आणि कप्प्यात २२ असेल तर १५. जर्मनीतल्या बॉनच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये या आकड्याची रेघ २५ वर ओढली. त्याखाली गेलेल्या पेशंटचं पुढचं वर्ष जास्त धोक्याचं गेलं होतं.

आकडा घ्यायचीही वेळ असते. झडप फुगवताना पेसमेकरने ठोके १८० च्या वर नेतात, बीपी कोसळतो. लगेच मोजलं तर आकडा फसवतो. शिवाय ज्या कडक तारेवरून झडप आत नेतात ती झडपेतून आरपार असेपर्यंत पाकळी पूर्ण मिटत नाही आणि गळती खोटीच जास्त दिसते. म्हणून पाच-दहा मिनिटं थांबायचं, तार काढायची, मग वाचायचं. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हाच वेळ "काहीतरी बिघडलं" असा वाटतो. त्यांना आधीच सांगायला हवं, ते आम्ही पुरेसं सांगत नाही.

"बिल वाढवायला फुगा." गळती दिसली तर झडप आतून आणखी फुगवून कडेची फट बुजवायला तो लागतो, आणि कित्येकदा तोच फुगा अंमळ जास्त भरून वापरतात. जोर जास्त झाला तर कडेचा भाग फाटू शकतो, कॅल्शियमचा कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. हा धोका घ्यायचा की नाही, हे ठरवायलाच तर मोजायचं.

"थोडी गळती काही करत नाही." मेसेजातलं मला सर्वांत घातक वाटलेलं वाक्य हे. अगदी पुसट गळतीने बहुधा बिघडत नाही. पण अमेरिकेतल्या 'पार्टनर' नावाच्या टावीच्या चाचणीत सौम्य गळती असलेल्यांचेही दोन वर्षांत मृत्यू जास्त दिसले. मध्यम किंवा तीव्र गळती तर तशीच सोडायची नसते.

"छाती उघडलेली बरी." ऑपरेशनमध्ये कडेची गळती कमी राहते, हे खरं. साठीच्या, धडधाकट माणसाला सर्जन तेच सुचवतील. पण या आईचं वय ७८, किडनी अशक्त, मागच्या वर्षी खुबा मोडलेला. त्यांच्यासाठी ती तुलना वेगळी आहे.

त्या मुलाला मी कागदावर तीन प्रश्न लिहून दिलेत: तार काढल्यावर गळती कोणत्या श्रेणीची होती, प्रेशरचा आकडा किती आला, महिन्याने इको कधी. काल रात्री त्याचा फोन आला. आई मेसेजबद्दल काही बोलली नाही, पुण्याला थंडी किती असते एवढंच विचारलं.