जमिनीला रंग नसतो

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून आलेल्या माझ्या बारा वर्षांच्या भाच्याने काल दुपारी, वीज गेलेली असताना, आमच्याच ओसरीवर मला सलग तीन डाव हरवले. त्यांपैकी तिसरा पराभव मी अद्याप मान्य केलेला नाही.

पत्त्यांच्या या खेळाचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो अमेरिकेत बाजारात आला. त्यात पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा असे पाचच रंग असतात. दर पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या माणसाला पाच रंग जड जाणार नाहीत, असे मी समजून चाललो आणि तिथेच फसलो.

माझ्या हातात काळा नसलेला कोणताही प्राणी ठार करणारा पत्ता होता आणि समोर भाच्याचा सोनेरी चौकटीचा एक धिप्पाड प्राणी उभा होता. मी पत्ता आपटला.

“मामा, तो काळा आहे,” भाचा शांतपणे म्हणाला.

सोनेरी हा रंगच नव्हे, चौकट पाहायची नसते, वरच्या उजव्या कोपऱ्यात त्या पत्त्याची किंमत म्हणून माना नावाच्या शक्तीची जी चिन्हे छापलेली असतात त्यांवरून रंग ठरतो, आणि इथे एक चिन्ह हिरवे व एक काळे असल्यामुळे हा प्राणी हिरवाही आहे व पूर्ण काळाही आहे, असे त्याने मला समजावले. अर्धा काळा असे काही नसते. “मग हे जंगल तरी हिरवे ना?” मी चिडून हिरव्यागार झाडांचा पत्ता त्याच्यापुढे धरला.

“नाही. जंगलातून हिरवी माना मिळते, पण जमिनीच्या पत्त्याला कोपऱ्यात किंमत नसते. म्हणून जमीन रंगहीन. आणि रंगहीन हा काही सहावा रंग नाही.”

शेजारचे आबाजी इतका वेळ खांबाला टेकून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात ते ग्रेडर होते आणि नुसता रंग पाहून त्यांनी गाड्याच्या गाड्या खालच्या प्रतीत ढकलल्या होत्या (त्यांत आमच्याही दोन होत्या). त्यांचा हात थांबला.

“काहून बे पोट्ट्या, जमिनीले रंग नाई?”

“नसतो, आजोबा.”

“घर पांढरीत, वावर काळीत, अन् हे म्हंते जमिनीले रंगच नाई! अन् मोल नाई म्हंतं? रस्त्यात ज्याचं वावर गेलं त्याले इचार मोल.”

भाच्याने न डगमगता त्यांना एक वेगळाच पत्ता दाखवला. त्याच्या कोपऱ्यात लाल चिन्ह होते आणि खाली, हा पत्ता रंगहीन समजावा, असा शब्द छापला होता. २०१५ च्या एका संचात असे पत्ते आले. आबाजींनी तो उन्हात धरून कापसाचा नमुना पाहावा तसा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “हे तं रेशन कार्डावानी हाये. रंग डोयानं नाई दिसत, कागदावरून ठरते.”

इथे मला हसू यायला हवे होते, पण आले नाही. १९९९ पासून आपल्याकडे पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची रेशन कार्डे आहेत. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे, त्यावर एक लाखापर्यंत केशरी आणि पुढे पांढरे. तिथेही चौकट कोणी पाहत नाही, कोपऱ्यातला आकडाच पाहतात. कापूस बोंडातच सडला त्या वर्षीही माझे कार्ड केशरीच होते. दाखल्यावरचा आकडा जुना होता. अर्धा पिवळा असे तिथेही काही नसते. भाच्याच्या खेळात निदान नियम सगळ्यांना एकच आहे, हे मी त्याच्यापुढे अर्थातच कबूल केले नाही.

आबाजी मात्र माझे जंगल खिशात घालून, चार माणसांत याचा निकाल लावतो, असे सांगून पानठेल्याकडे निघून गेले. मी चौथा डाव मागितला, तेव्हा भाच्याने माझी गड्डी मोजली. साठाला एक पत्ता कमी होता. “एकोणसाठवर खेळता येत नाही, मामा.”

आज सकाळी जंगल परत आले. निकाल लागला नव्हता, मात्र झाडांवर खर्ऱ्याचा चांगला रुपयाएवढा तांबडा डाग पडला होता. आता हे तरी लाल मानायचे का, असे मी विचारले.

“रंगहीनच,” भाचा म्हणाला. “पण खूण पडलेला पत्ता गड्डीत चालत नाही.”