रोम दाखवता की रोममधून पळवता?

रोममध्ये शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना एका दिवसात कोलोसियम, फोरम हा प्राचीन चौक, सम्राट ट्राजनचा स्तंभ आणि पँथिऑन हे प्राचीन मंदिर उरकून आणणाऱ्या अभ्याससहलींचा मला आता मनस्वी संताप येतो. सन ८० मध्ये खुल्या झालेल्या कोलोसियमच्या दगडांवर जागोजागी भोके दिसतात. दगड जोडणारे लोखंडी आकडे मध्ययुगात उपटून नेल्याच्या त्या खुणा निरखाव्यात, तोवर पुढे वाटाड्याची छत्री उंचावते आणि ‘चला, चला’चा धोशा सुरू होतो. सन ११३ च्या ट्राजन स्तंभावर डेशियाच्या (आजच्या रोमानियाच्या परिसरातील) युद्धांची अख्खी कथा वळसे घेत वर चढते, आणि तिच्यासमोर आम्हाला थांबवले जाते ते केवळ डोकी मोजण्यासाठी! मग याला अभ्यास तरी कशाला म्हणायचे?

पँथिऑनमध्ये तर कहर होतो. लोखंडी सळईविना उभा असलेला सुमारे ४३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, त्याच्या माथ्यावरचा उघडा झरोका, त्यातून थेट आत येणारा पाऊस आणि ते पाणी वाहून नेण्यासाठी फरशीला दिलेला हलका उतार व तीत पाडलेली बारीक छिद्रे, हे सारे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने वाकून, हात लावून पाहायचे नाही, तर कोणी पाहायचे? पण वाकलो की लगेच ‘वेळ संपला’! आठवणवस्तूंच्या दुकानापाशी मात्र वेळ कधीच कसा संपत नाही? दिवसभरात एकच वास्तू दाखवा, पण ती आम्हाला नीट पाहू द्या.